कंसातली नावे : सातबाराच्या संगणकीकरणाचे एक वाचन

कचेरीत संगणक आला कधी, हे सांगणे सोपे असते. त्याची तारीख असते, उद्‌घाटनाचा फोटो असतो. तो तिथे रुळला कसा, हे सांगणे अवघड. मराठीत या दुसऱ्या प्रश्नावर जे लिहिले जाते ते बहुधा दोनच सुरांत असते. एक सूर यशोगाथेचा : रांगा संपल्या, घरबसल्या उतारा मिळू लागला. दुसरा रडगाण्याचा : सर्व्हर बंद, रेंज नाही, तलाठी भेटत नाही. दोन्ही सुरांत यंत्राला फार मान मिळतो. त्या यंत्रात जो मजकूर भरला गेला त्याचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

मी महसूल खात्यातला नाही आणि संगणकक्षेत्रातलाही नाही. रत्नागिरीत राहतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, नातेवाइकांचे सातबारे वाचून देण्याचे काम काही वर्षांपूर्वी अंगावर पडले आणि पुढे त्याचाच नाद लागला. प्रस्तुत लेखात सातबारा हा दाखला म्हणून न बघता एक संहिता म्हणून वाचायचा आहे. संहिता एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाते तेव्हा काय टिकते, काय गळते, आणि नव्याने काय उगवते, एवढाच प्रश्न आहे.

गाव नमुना सात हे हक्काचे पत्रक आणि गाव नमुना बारा हे पिकांचे. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. पण हाताने लिहिलेला सातबारा ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक असेल की त्यातला अर्धा अर्थ अक्षरांत नसे, खुणांत असे. फेरफाराने ज्याचा हक्क गेला त्याचे नाव खोडायचे नाही, त्याला कंस करायचा. शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. मंजूर न झालेली नोंद पेन्सिलीने धरायची, मंजूर झाल्यावर शाईने. त्यातच संक्षेपांची एक स्वतंत्र भाषा : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ‘इतर हक्क’ हा रकाना तर एखाद्या जुन्या घराच्या माळ्यासारखा. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचे नाव, कूळ कायद्याच्या कलम ४३ चा शेरा, सगळे तिथेच चढवलेले.

या कागदावर एक माणूस लिहीत असे आणि दुसरा माणूस वाचत असे. लिहिणारा तलाठी बदलून गेला तरी नव्या तलाठ्याला अक्षरावरून, शाईवरून, कागदाच्या घडीवरून काही अंदाज येई. कुठला कंस घाईत केला, कुठला नंतर घातला, हे जाणत्या डोळ्याला दिसे. याच गुणामुळे खाडाखोडीलाही वाव होता, हेही सांगायला हवे. हस्तलिखित सातबाराविषयी गळा काढणाऱ्यांनी कोर्टात वर्षानुवर्षे चाललेले दावे एकदा चाळावेत.

आता कोकणाकडे येऊ, कारण इथे हा कागद देशावरच्यापेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे. खोतीचा इतिहास त्याच्या पोटात आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ चा. त्याच्या आगेमागे १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’, ज्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. कायद्याने मालक झालेले हे कूळ कागदावर मालक व्हायला कलम ३२ ग खाली किंमत ठरावी लागे, ती भरावी लागे, मग ३२ म चे प्रमाणपत्र मिळे, आणि त्यावरून फेरफार. हा सगळा प्रवास ज्यांचा पुरा झाला नाही त्यांची नावे इतर हक्काच्या रकान्यातच राहिली. त्यातच मुंबईला गेलेला भाऊ, लग्न होऊन गेलेली बहीण, पोटहिस्से न पडलेले वरकस, आणि बारा गुंठ्यांवर वीस नावे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा मोबदल्याच्या निमित्ताने हे कागद पुन्हा बाहेर निघाले, आणि अनेक घरांत आजोबांच्या नावापुढच्या ‘ए.कु.मॅ.’ या अक्षरांचा अर्थ पहिल्यांदाच विचारला गेला. ज्याचे नाव मॅनेजर म्हणून लागले त्याच्या शाखेने ती मालकी समजावी आणि बाकीच्या भावांच्या मुलांनी हात चोळावेत, हे इथे नित्याचे आहे.

असा हा मजकूर संगणकात गेला. पहिली नोंदणी हस्तलिखितावरून टंकून झाली. पण टंकून झाल्यावर जुने दप्तर बंद पडले नव्हते. तिकडेही फेरफार चढतच होते. त्यामुळे एकाच गटाचे दोन सातबारे निर्माण झाले, आणि त्यांच्यात फरक पडत गेला. पुढे ई-फेरफार प्रणाली आणायची म्हणजे हे दोन्ही आधी जुळवणे भाग होते. त्यासाठी आज्ञावलीत ‘एडिट मॉड्यूल’ आणि नंतर ‘री-एडिट मॉड्यूल’ आले. २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम झाली : गावात लोकांना बोलवायचे, संगणकातला सातबारा वाचून दाखवायचा, चूक असेल तर नोंदवून घ्यायची. त्यानंतर १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची घटना उद्‌घाटनाची नसून जुळवणीची आहे. तिच्याकडेच समीक्षकाने बघावे. दोन प्रती समोर ठेवून पाठ निश्चित करायचा, हे काम महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि ती पुरी व्हायला १९६६ साल उजाडले. त्या आवृत्तीत वर निश्चित केलेला पाठ आणि खाली तळटीपांत इतर पोथ्यांतले पाठभेद आहेत. सुकथनकरांसारखा व्यासंगी संपादकसुद्धा आपल्या निवडीचा पुरावा वाचकापासून लपवत नाही. आमच्या तलाठ्याला अशाच पाठनिश्चितीचे काम काही महिन्यांच्या मुदतीत, वसुली, पंचनामे आणि निवडणुकीची कामे सांभाळून करायचे होते. तळटीपेला आज्ञावलीत जागा नव्हती. पाठभेद मिटला की तो दिसेनासा होई.

शिवाय जुळवणीचा प्रश्न कसा मांडला गेला तेही पाहावे. संगणकातला सातबारा हस्तलिखिताबरहुकूम आहे का, असा तो प्रश्न होता. हस्तलिखित जमिनीबरहुकूम आहे का, हा प्रश्न नव्हता. तसा तो विचारला असता तर काम कधीच संपले नसते, हेही खरे. पण त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडली. जे हस्तलिखितात अनिश्चित होते, अर्धवट पुसलेले, दोन प्रकारे वाचता येणारे, ते संगणकात एका ठाशीव अक्षरात आले. आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ म्हणते की अधिकार अभिलेखातली नोंद, तिच्या विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानायची. विरुद्ध सिद्ध करण्याचे ओझे मग त्याच्यावर, ज्याचा पाठभेद गळला.

चावडी वाचनाची कल्पना मला मनापासून आवडते. छापील मजकूर पुन्हा तोंडी करून, ऐकणाऱ्यांच्या आठवणीशी ताडून पाहायचा, हा प्रकार आपल्या मातीतला आहे. पण ही मोहीम ठेवली मे-जूनमध्ये. गावावर गाऱ्हाणे घालायला मुंबईकर येतात ते शिमग्याला आणि गणपतीला. मे महिन्यात येतात ते आंबे खायला, आणि जूनला शाळा उघडायच्या आत परततात. शिवाय वाचन ज्यांच्यासमोर व्हायचे ते बहुधा गावात राहणारे खातेदार. ज्यांचे नाव वगळले गेले होते, तेच बहुतेक करून हजर नसणार. वगळलेल्या नावाचा उच्चार होत नाही, म्हणून ते ऐकून कोणी हरकत घ्यायलाही उठत नाही.

अमेरिकेत वांडा ऑर्लिकोव्स्की या संशोधिकेने १९९२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका मोठ्या सल्लागार कंपनीने ‘लोटस नोट्स’ नावाची आज्ञावली सर्वांच्या संगणकांवर बसवली. हेतू असा की कर्मचाऱ्यांनी आपले ज्ञान एकमेकांत वाटून घ्यावे. आज ज्याला कार्यालयाचे अंतर्गत जाळे म्हणतात त्याचाच हा आधीचा अवतार. पण तिथल्या माणसांची बढती वैयक्तिक कर्तबगारीवर अवलंबून होती, आणि त्यांचा तासन्‌तास गिऱ्हाइकाच्या बिलात लागायचा. नवे साधन शिकण्याचे तास कोणाच्या बिलात लावायचे? लोकांनी ते साधन आपापल्या जुन्या सवयीच्या साच्यात बसवले आणि वाटून घेणे बाजूलाच राहिले. ऑर्लिकोव्स्की यांचे म्हणणे थोडक्यात असे की साधन कसे वापरले जाईल हे दोन गोष्टींवर ठरते : माणसांच्या मनात त्याची कल्पना काय आहे, आणि संस्था बक्षीस कशाला देते.

आमच्या सजेला हे जसेच्या तसे लागू पडत नाही. तलाठ्याला बिल लावायचे नसते. पण वेळेचा प्रश्न तोच आहे. ई-फेरफारामध्ये दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती तलाठ्याच्या पडद्यावर येते, नोटीस निघते, हरकतीचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. प्रत्येक पायरीला वेळेचा शिक्का बसतो आणि कोणाकडे किती नोंदी प्रलंबित आहेत ते वरिष्ठांना दिसते. म्हणजे बक्षीस आणि शिक्षा दोन्ही निर्गतीला जोडलेली. वारसांपैकी एखादी बहीण कुठे आहे याची चौकशी करण्यात चार दिवस गेले तर त्या चार दिवसांची नोंद विलंब म्हणून होते. चौकशी म्हणून होत नाही. १९९४ च्या राज्य दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला. तो हक्क कागदावर उतरतो तो याच चार दिवसांत.

२०२१ मध्ये राज्यातल्या तलाठ्यांनी आंदोलन केले, तेव्हा त्यांनी आपली डिजिटल सहीची साधने तहसील कचेरीत जमा केली. पूर्वीच्या काळी दप्तराच्या किल्ल्या जमा केल्या असत्या. साधन खरोखर रुळले आहे याची माझ्या लेखी ही सर्वांत भक्कम खूण. ज्या वस्तूवाचून काम अडते तीच माणूस आंदोलनात खाली ठेवतो.

घाटावरचे एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. वारणानगरच्या सहकारी संकुलात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. आसपासची ७० गावे संगणकाने जोडायची होती. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, शिक्षण, सारेच त्यातून मिळेल अशी कल्पना होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधनसंस्थेतले लोक तिथे गेले, तेव्हा त्यांना दिसले की गावातल्या संगणकाचे मुख्य काम एकच : उसाची माहिती कारखान्याला कळवणे आणि कारखान्याकडून शेतकऱ्याला. मग त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलच्या साध्या संदेशांवर तेच काम करून पाहिले. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना अधिक सोयीचेही वाटले. या अभ्यासातले एक संशोधक केंटारो तोयामा यांनी पुढे २०१५ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यांचे प्रतिपादन असे की तंत्रज्ञान संस्थेत आधीपासून असलेल्या ताकदीला मोठे करते. नसलेली ताकद निर्माण करत नाही.

तोयामांचे म्हणणे वारणेला चपखल बसते. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या त्या संस्थेला ऊस कुणाचा, किती आणि कधी तोडायचा, ही माहिती संगणकाआधीही हवीच होती. तेवढेच काम संगणकात टिकले. पण सातबाराच्या बाबतीत मला ते अपुरे वाटते. इथे संगणकाने जुनी ताकद नुसती मोठी केली नाही. तिची जागा हलवली. लिहिण्याचा अधिकार चावडीतून सुटला आणि काही अंशी आज्ञावली लिहिणाऱ्याकडे गेला. ‘ई-हक्क’ प्रणालीतली अर्जांची यादी पाहा : वारस नोंद, मयताचे नाव कमी करणे, बोजा चढवणे, बोजा कमी करणे, अ.पा.क. शेरा कमी करणे, ए.कु.मॅ. शेरा कमी करणे, आणि हस्तलिखित व संगणकीकृत सातबारातल्या तफावतीची कलम १५५ खाली दुरुस्ती. तलाठ्यांच्या पिढ्यांनी रुजवलेले संक्षेप इथे यादीतले पर्याय झाले आहेत. याचा फायदा मोठा आहे, हे मी कबूल करतो. अ.पा.क. म्हणजे काय हे ज्याला कधी कळले नव्हते त्याला निदान ते काढता येते एवढे तरी कळते. पण जे यादीत आहे तेवढेच मागता येते, आणि आपले गाऱ्हाणे यादीत बसत नसेल तर ते गाऱ्हाणेच नव्हे असे वाटू लागते.

नावांचे म्हणाल तर सरकारने इथे चांगली मराठी वापरली आहे. ‘महाभूलेख’ थोडे जड आहे. पण ‘ई-फेरफार’, ‘ई-हक्क’, ‘आपली चावडी’ ही नावे लोकांच्या तोंडी सहज बसली. मात्र ‘आपली चावडी’ या नावाने संकेतस्थळावर फेरफाराच्या नोटिसा पाहता येतात, तेवढेच. चावडीत नोटीस लावली की ती वाचणारा एक जण दुसऱ्याला सांगे आणि दुसरा मुंबईला फोन करे. संकेतस्थळावरची नोटीस बघायला आधी शंका यावी लागते.

२०२० च्या सप्टेंबरात सातबाराचा नवा नमुना आला, आणि मला तो संगणकीकरणातला सर्वांत विचारी टप्पा वाटतो. खाते क्रमांक इतर हक्कातून उचलून खातेदाराच्या नावाशेजारी आणला. दोन खातेदारांमध्ये ठळक रेघ आली. कंसातल्या नावांवर आडवी रेघ मारून ती जिवंत नावांपासून वेगळी केली. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख दिसू लागली, आणि एखादा फेरफार प्रलंबित असेल तर तसा उल्लेखही. हा प्रलंबित फेरफार म्हणजे जुनी पेन्सिलच की. पेन्सिलीची नोंद का करत होते हे कोणाला तरी पुन्हा आठवले आणि तिला नव्या कागदावर जागा मिळाली. मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागली आणि फायली जळाल्या, त्यानंतर तिथे ई-ऑफिसचा आग्रह वाढला. तो धक्क्याने झालेला बदल. हा नमुना मात्र वाचणाऱ्याच्या अडचणी ऐकून झाल्यासारखा दिसतो.

आडव्या रेघेविषयी एक शंका उरतेच. कंस केलेले नाव वाचता येई आणि तरीही गेलेले आहे हे कळे. कंसामुळे त्या नावाची वाट बंद होत नसे. वर्तुळातल्या क्रमांकावरून माणूस फेरफार नोंदवहीपर्यंत जाऊ शके. रेघ मारली की वाचणाऱ्याची नजर पुढे सरकते. बँकेतला कारकून तिथे थांबत नाही आणि त्याने थांबण्याची अपेक्षाही नाही. पण कोकणातल्या वादांची मुळे बहुतेक करून याच कंसांत असतात : पन्नास सालच्या वाटपात कमी झालेला एक भाऊ, जबाबावरून हक्क सोडलेली आत्या, किंमत ठरायच्या आधी मेलेले कूळ.

बाराच्या पत्रकाचे काय झाले ते पाहिले तर गळती आणखी स्पष्ट होते. जुन्या बारात जमीन करणाऱ्याचे नाव आणि रीत असे रकाने होते. जमिनीवर कोण उभे आहे हे तलाठ्याने पाहणी करून तिथे लिहायचे. किती तलाठी खरोखर बांधावर जात हा वेगळा विषय. पण रकाना होता, आणि कूळ कायद्याच्या कितीतरी दाव्यांत त्या एका रकान्यावर निकाल फिरला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आता खातेदाराने स्वतः मोबाइलवर आपला गट निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा आणि तो पाठवायचा. शेतकऱ्याने स्वतःच्या पिकाची माहिती स्वतः द्यावी, हा विचार योग्यच. पण निवडायच्या यादीत नावे असतात ती खातेदारांची. दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा अर्धेलीने करणारा माणूस फोटो काढू शकेल, पीक त्याचेच असेल, नोंद मात्र खातेदाराच्या नावावर होईल. कलमांच्या बागेत राखण करणारा, मोहोर येण्याआधीच करार करून बाग घेणारा व्यापारी, ओसाड पडलेल्या वाडीत सामाईकातली भातशेती एकटा करणारा चुलत भाऊ, यांच्यासाठी या पडद्यावर रकाना नाही. नवे कूळ निर्माण होऊ नये अशीच अनेक जमीनमालकांची इच्छा असते, हे उघड गुपित आहे. आज्ञावलीने ती इच्छा कोणी न मागता पुरी केली.

गेल्या वर्षी एक वयस्क बाई आपला उतारा घेऊन आल्या होत्या. साठी उलटलेल्या. सातबारावर त्यांचे माहेरचे नाव, पुढे ‘अ.पा.क.’ आणि आईचे नाव. कागदाच्या हिशेबाने त्या अजून अज्ञान. हे पाहून त्या हसल्या. डिजिटल सहीचा तो उतारा पंधरा रुपये भरून काढला होता आणि एका कचेरीत त्यांना ‘तलाठ्याचा शिक्का घेऊन या’ म्हणून परत पाठवले होते. आम्ही ई-हक्कातून शेरा कमी करण्याचा अर्ज भरला. त्यासाठी वयाचा पुरावा लागतो, तो होता. पण मूळ फेरफार काढून पाहताना जुन्या नोंदवहीत त्यांच्या नावाखाली आणखी एक नाव सापडले, धाकट्या बहिणीचे, त्याच शाईत. टंकलेल्या सातबारावर ते कुठेच नव्हते. ना कंसात, ना रेघेखाली. नोंदवहीच्या त्या पानाची प्रमाणित नक्कल घेतली आणि कलम १५५ चा दुसरा अर्ज टाकला. ती बहीण नालासोपाऱ्याला असते. हरकतीची मुदत आणि तिच्या गावी येण्याच्या तारखा जुळवायचे काम सध्या चालू आहे.